पावसात बसून बघितलेले पिक्चर (आणि कानाचे वेगळे मार्क)

रायवळ

कॅनिंगचा शेवटचा आंबा जाऊन महिना झाला, हिशोब अर्धे आले अर्धे यायचेत, कलमांना कल्टार (मोहोर नीट यावा म्हणून मुळाशी घालतात ते औषध) घालायचाय पण पाऊस जरा उघडला तर, आणि तो काय उघडायचं नाव घेत नाही. म्हणून गेले तीन आठवडे रोज रात्री पिक्चर. आमच्या वाडीत (देवगडपासून आत) रेंज फक्त माजघराच्या एका खिडकीत येते, तिथे गजाला मोबाईल टेकवून ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि टीव्हीसमोर येऊन बसायचं. मांजर खिडकीत चढलं की इंटरव्हल.

बघितलेल्यात कोकणातले पिक्चर बरेच निघाले, काही आधी बघितलेले पुन्हा बघितले. मार्क देतोय पण दोन-दोन. एक पिक्चरला १० पैकी, आणि एक कानाला १० पैकी. कानाला म्हणजे डोळे मिटून नुसता ऐकला तर आपण कोकणात आहोत असं वाटतं का. दिसायला आता कोकण सगळ्यांनाच जमतं हो, ड्रोन उडवला की खाडी, माड, लाल माती, कौलारू घर, झालं. पण माणूस तोंड उघडतो आणि कळतं की हा काल रात्रीच्या बसने आलाय.

दशावतार – ७.५, कान ८. हा २०२५ च्या १२ सप्टेंबरला आला, गणपती जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, घरात अजून करंज्या शिल्लक होत्या. तेव्हा थिएटरला बघितलेला, आता पुन्हा. प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते हे मला पिक्चर बघताना दोनदा स्वतःला सांगावं लागलं. मायनिंगचा भाग उत्तरार्धात थोडा फिल्मी होतो, व्हिलन लोक व्हिलनसारखेच बोलतात. पण आपल्याकडे हा विषय हवेतला नाही, दोडामार्गात कळणेला लोकांनी काय काय सोसलंय ते इथल्या कोणालाही विचारा. थिएटरमधली एक गोष्ट सांगायचीय, ती खाली सांगतो.

ऑल वी इमॅजिन ॲज लाइट – ९, कान ८. अर्ध्याहून जास्त मुंबईत आहे, मल्याळी नर्सेस, शेवटचा भाग रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. छाया कदमची पार्वती, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, राहत्या घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती गावी परत येते. बस एवढंच. पण मुंबईचा गोंगाट बंद होऊन लांबून लाटेचा आवाज चालू होतो ना, तेव्हा मला आमचे काका आठवले, गिरणी बंद पडल्यावर गावी आले ते आठ दिवस म्हणत होते की झोप येत नाही, एवढी शांतता आहे.

थ्री ऑफ अस – ६, कान ४. वेंगुर्ल्यात सगळे हिंदी. जयदीप अहलावत कामत आहे आणि बँक मॅनेजर आहे, माणूस ॲक्टर म्हणून ग्रेट, पण कामत काय असा बोलेल? शेफाली शाह उत्तम. बाकी खूप हळू आहे.

तुंबाड – ९, कान ९.

मुंज्या – ६, कान ५. शेवटाकडे मुंज्या कमी आणि कॉम्प्युटर जास्त.

किल्ला – ९.५, कान ९. यावर वेगळं लिहीन, घाईत नको.

तुमचे टाका. भांडण चालेल, पण स्पॉयलर असेल तर आधी ओरडा.


तुतारी_एक्स्प्रेस

मस्त धागा. मी दादरचा, पण मूळ कुडाळ. एक शंका, तुंबाड पण हिंदीतच आहे ना? मग त्याला कानाला ९ आणि थ्री ऑफ असला ४? हा कुठला न्याय रे बाबा.


रायवळ

पकडलंस. पण तुंबाडमध्ये माणसं बोलतात कमी आणि पाऊस जास्त. त्यांनी खरा पाऊस मिळावा म्हणून कित्येक पावसाळे शूटिंग केलं आणि ते ऐकू येतं, नळाचा पाऊस असा नसतो. आपल्याकडच्या पावसाला थर असतात. झाडावरचा वेगळा, कौलावरचा वेगळा, पागोळीचा खाली दगडावर पडतो तो अजून वेगळा, आणि पत्र्यावर पडायला लागला की बायको काय म्हणते ते ऐकूच येत नाही (मी ऐकू येत असलं तरी येत नाही म्हणतो). हे सगळं तुंबाडमध्ये आहे. पाऊस मराठीतच पडतो त्यात.


घाटावरचा

कोल्हापूरहून रामराम. तुमचं कोकणवाल्यांचं एक असतं, पिक्चर चांगला का वाईट ते नंतर, आधी आमचं गाव दाखवलं का आणि आमची भाषा बोलले का. मी काल धुरंधर दुसऱ्यांदा बघितला, साडेतीन तास, एकदाही मोबाईल बघितला नाही. ८.५. अक्षय खन्नाला २०२५ साल लिहूनच दिलेलं, फेब्रुवारीत छावातला औरंगजेब आणि डिसेंबरात हा. आता त्या पिक्चरमधले लोक कराचीतले म्हणून दाखवलेत, कराचीवाला बघून म्हणत असेल की कानाला ३. म्हणून काय पिक्चर वाईट?


कातळशिल्प

@घाटावरचा, मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. धुरंधर मारामारीवर चालतो, त्यात कोण कसं बोलतो याने फार फरक पडत नाही. पण पिक्चरचा विषयच 'परत गावी जाणं' असेल तर बोली हीच गोष्ट असते. तुमच्या घाटावरचंच उदाहरण देतो, साबर बोंडं. ९. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकात गावी येतो, नातेवाईक लग्नाचं विचारून पिडतात, आणि बाल्या भेटतो. पार्श्वसंगीत नाही. बायका ओट्यावर बसून बोलतात ते असं बोलतात की मला वाटलं कॅमेरा लपवून ठेवलाय. सनडान्स फेस्टिव्हलला २०२५ ला ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं ते उगीच नाही, सबटायटल वाचणाऱ्यालासुद्धा खरं बोलणं आणि पाठ केलेलं बोलणं यातला फरक कळतो.

मी रत्नागिरीचा. ऑल वी इमॅजिन मला ९ नाही, ९.५. फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलमध्ये मेन कॉम्पिटिशनला ३० वर्षांनी भारतीय पिक्चर गेला आणि ग्रां प्री घेऊन आला, २०२४ ला. आणि इथे रत्नागिरीत बघायला मिळावा म्हणून आम्ही चौघे आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर. आपल्याच किनाऱ्यावरचा पिक्चर बघायला घाट चढावा लागतो. थिएटरमध्ये आम्ही धरून अकरा लोक, त्यातले दोघे मध्येच उठले.


उकड्याची_पेज

त्या दोघांत मी नव्हतो पण असतो तर उठलो असतो. माका झोप इली. दोन तासात घडता काय? तो माणूस दर्यातून वायच वर काढतत, मगे ती त्याच्याशी बोलता, तो तिचो घोव काय दुसरोच कोण ह्या शेवटपर्यंत कळूक नाय. ५.


कातळशिल्प

अरे ओरड ना आधी!!! स्पॉयलर!!!


उकड्याची_पेज

स्पॉयलर देऊक आधी कायतरी घडूक तर व्हया.


रायवळ

:) पेजवाल्याचं हे वाक्य पिन करून ठेवा कोणीतरी.


शास्त्रीकाठ

संगमेश्वरवरून. छावा – पिक्चर ७, कान... कानाला मार्क देत नाही, त्यात एवढं ओरडणं आणि एवढं म्युझिक आहे की कान बसला. विकी कौशलने जीव ओतलाय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही इकडचे लोक पिक्चरला बसलो तेव्हा वाट बघत होतो ती संगमेश्वरची. १६८९ च्या फेब्रुवारीत महाराज पकडले गेले ते इथे. आम्ही लहानपणापासून शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर जातो, कर्णेश्वराचं देऊळ आहे कसब्याला, इतकं बारीक कोरीव काम की पावसात शेवाळ धरलं तरी बोटाला लागतं. येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या, म्हणजे त्यांचं माहेर इथून हाकेच्या अंतरावर.

पिक्चरमध्ये संगमेश्वर म्हणजे एक मोठं युद्धाचं मैदान. प्रत्यक्षात ही जागा किती अरुंद आहे, दोन्ही बाजूला डोंगर, मध्ये नदी, झाडी एवढी की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. शत्रू एवढा जवळ कसा येऊ शकला याचं उत्तर त्या जागेतच आहे आणि ते दाखवलं असतं तर अंगावर काटा आला असता. थिएटरमधून बाहेर आलो तर सगळे रडत होते, मी पण रडलोच, पण रडताना डोक्यात चालू होतं की हे आमचं संगमेश्वर नाही.


घाटावरचा

हे मात्र पटलं. जागा नीट दाखवणं हा वेगळा मुद्दा आहे.


ओला_काजू

मी दापोली तालुक्यातला. एप्रिल मे ९९ बघितला का कोणी? ७, कानाला ७. १९९९ ची कोकणातली उन्हाळी सुट्टी, तीन पोरं, आणि पुण्याची एक मुलगी येते. मोठं काही नाही, पण मी नेमका त्याच वयाचा होतो त्या साली त्यामुळे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो. त्यातलं दुपारचं रिकामपण खरं आहे. दुपारी घरातले सगळे झोपलेले, तुम्हाला सांगितलेलं असतं उन्हात जायचं नाही, आणि तुम्ही मागच्या दाराने.

आणि कासव राहिला की, भावे-सुकथनकरांचा. ८. डिप्रेशनवर आहे, कासवांचं संवर्धन बाजूने चालतं. मी वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना बघितलीत, पहाटे आणि संध्याकाळी टोपली उचलतात आणि ती एवढी एवढी पिल्लं वाळूवरून निघतात, शेजारी पन्नास मोबाईल. पिक्चरमध्ये ते गर्दीशिवाय बघायला मिळालं हे बरं. राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं होतं याला आणि आमच्या इथे एक शो लागला नव्हता.


तुतारी_एक्स्प्रेस

थिएटरचा विषय निघालाच आहे तर. मी मे महिन्यात गावी आलो, घरच्यांना घेऊन तालुक्याच्या गावी एका थिएटरला गेलो, नाव घेत नाही, मराठी पिक्चर, दुपारचा शो. आम्ही सहा जण. काउंटरवरचा माणूस म्हणाला अजून चार आले तर लावतो. मग आम्ही रस्त्यावर उभे राहून माणसं शोधली! एक जोडपं मोटारसायकलवरून चाललेलं त्यांना थांबवलं, ते हसत हसत आले, एक कॉलेजचा पोरगा आला, आणि दहावं तिकीट काउंटरवाल्याने स्वतःच काढलं आणि आत येऊन बसला. एसी पहिली वीस मिनिटं, नंतर पंखे. पण इतका मजेत पिक्चर मी मुंबईत कधी बघितला नाही.


रायवळ

दहावं तिकीट स्वतः काढलं, सलाम त्याला.

आता ती दशावतारची गोष्ट. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, सोबत नातू. इंटरव्हलला बोलणं झालं तर कळलं की ते चाळीस वर्षं एका दशावतारी कंपनीत होते, सुरुवातीला स्त्री पार्टी, मग वय झाल्यावर राजे-बिजे. पिक्चरमध्ये रंग लावायचा सीन आला ना, मी सहज बाजूला बघितलं तर अंधारात त्यांचा अंगठा स्वतःच्या भुवईवरून हळूहळू फिरत होता, आतून बाहेर, आतून बाहेर, आणि नजर पडद्यावर. त्यांना स्वतःला कळत नसणार. मी पुढची दहा मिनिटं पिक्चर बघितलाच नाही.

संपल्यावर विचारलं, काय आजोबा, कसा वाटला? म्हणाले, "बरो आसा. पण आमची रात्र जाता नाटकात, हेंनी धा मिनटात आवरल्यानी." आणि खरंच आहे ते. जत्रेतला दहीकाला बघितलेल्यांना सांगायला नको. रात्री उशिरा देवळात पालखी वगैरे झाल्यावर सुरू होणार, आधी आडदशावतार, संकासुर येऊन पोरांना घाबरवणार, मग आख्यान, पायपेटी, मृदंग, झांज. राजाला सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं. लिहिलेलं स्क्रिप्ट नाही, कथा ठरलेली आणि बोलणं ऐनवेळी तोंडाला येईल तसं. दोन राजे तासभर तोंडातोंडी भांडतात आणि बायका थंडीत गोधडीतून ऐकतात. पहाटे संपतं तेव्हा निम्मी पोरं झोपलेली. आता ही सगळी मजा लांबीत आहे, ती पिक्चरमध्ये आणायची कशी? दोष दिग्दर्शकाचा नाही, पण ८ च्या वर कान देता येत नाही मला.


कातळशिल्प

दशावतारवर पिकासो बघ ना मग, प्राइमवर आला होता २०२१ ला. माझ्या मते तो जास्त खरा आहे. प्रसाद ओक दारू पिणारा दशावतारी नट, पोराची चित्रकलेच्या स्कॉलरशिपला निवड झालीय आणि दीड हजार रुपये भरायचेत, आणि बापाकडे नाहीत. गोष्ट संपली. पण त्यात नाटक नुसतं तोंडी लावायला नाही, बराच वेळ आपण प्रयोगच बघत बसतो, देवळात, प्रेक्षकांच्यात. ८.५, कान ९. त्या आजोबांना दाखव.


उकड्याची_पेज

मुंज्याक ६ कित्या? माझ्या पोरांनी तीनदा बघितल्यानी. ८.

फक्त एक सांगतंय, आमच्यात मुंज्या म्हणजे बारको भूत. पिंपळार बसतलो, दगड मारतलो, त्रास देतलो, पण एवढी मोठी लफडी तो करणा नाय. ती कामां देवचाराची. देवचार राखणदार, त्याका नारळ-विडी दिली की तो तुमची वाट सांभाळता, तुमी चुकलास की वाटेक लावता. मगे पाण्यातलो गिरो, तो माणसाक व्हाळात व्हडता. चकवो, तो रात्रभर एकाच जाग्यार गरगर फिरवता. झोटिंग. ह्यांचा सगळ्यांचा युनिव्हर्स करा म्हणावा, पंधरा पिक्चर होतले.


ओला_काजू

गिऱ्यावर पिक्चर आला तर पहिला शो पहिला दिवस. आमच्या आजीने मला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत नदीला एकटं जाऊ दिलं नाही त्याच्यामुळे.


रायवळ

मुंज्याला ६.५ करतो, पेजच्या पोरांसाठी. आणि आदित्य सरपोतदारने २०१३ ला नारबाची वाडी पण केलाय हे विसरू नका, त्यात पण प्रभावळकर. खोत बागेवर डोळा ठेवून म्हाताऱ्याला म्हणतो की तू मरेपर्यंत तुला दर महिन्याला पैसे देतो, मेलास की वाडी माझी, आणि म्हातारा मरतच नाही. मूळ गोष्ट बंगाली नाटकातली, मनोज मित्रांची, पण अशी काही इकडे रुजलीय की कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आमच्या वाडीत असे दोन व्यवहार मला माहीत आहेत, दोन्हीकडे म्हातारे अजून ठणठणीत. ८.५, कान ७.

आता किल्ला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, वडील गेल्यावर आईची बदली कोकणात होते, अकरा वर्षांचा चिन्मय पुण्याहून इकडे येतो, नवीन शाळा, नवीन पोरं, बंड्या. दिग्दर्शन अविनाश अरुणचं, कॅमेरा पण त्याचाच. २०१४ ला बर्लिनला लहान मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं, म्हणजे पोरांनीच निवडलेला पिक्चर. सायकलची रेस लावून पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस येतो, आणि बाकीचे त्याला तिथेच टाकून निघून जातात. तो एकटा दगडी भिंतींमध्ये हाका मारतोय. मी तो सीन बघताना खिडकीतला मोबाईल काढला आणि नेट बंद झालं तरी चालेल म्हणून भावाला फोन केला, कारण आम्ही एका पोराला असंच केलं होतं, देवगडच्या किल्ल्यावर, तो पण घाटावरून आलेला. नाव आठवत होतं पण आडनाव आठवेना. भावाला पण आठवेना.


घाटावरचा

ते पोरगं मी नव्हे :) पण किल्ला ९.५ मान्य. त्यातली पोरं काही करत नाहीत, नुसती असतात.


वेंगुर्लेकरीण

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. रायवळ, तुला माहीत आहे ना की थ्री ऑफ अस पण अविनाश अरुणचाच आहे? एकाला साडेनऊ आणि दुसऱ्याला सहा.

आणि एक विचारायचंय. शेवटी आकाशपाळण्याचा सीन आहे तो तुला कसा वाटला? तू काहीच लिहिलं नाहीस.


रायवळ

कुठला पाळणा?


वेंगुर्लेकरीण

कुठला पाळणा म्हणजे??


रायवळ

...लाईट गेली होती. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली असतील. रात्री दोनला आली तेव्हा झोपलो होतो. मग म्हटलं राहिलंय काय त्यात, कळलं सगळं.


तुतारी_एक्स्प्रेस

अख्ख्या धाग्यावर मार्क वाटत फिरतोय हा माणूस आणि पिक्चर पूर्ण बघितलेला नाही. ॲडमिन, ह्याला बॅन करा.


उकड्याची_पेज

आवाटातल्या लोकांका कळव, पेपर न तपासता मार्क दिल्यान.


वेंगुर्लेकरीण

असो, हसून झालं. मला जे लिहायचंय ते दुसरंच आहे.

माझी आई ७८ ची. तिला गेली चार वर्षं विसरायला होतंय, आधी चाव्या, मग गॅस, मग माणसं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तीस वर्षं. आम्ही घरात मालवणीत बोललो तर ओरडायची. "खंय नाही, कुठे म्हण." शेजारणीशी पण ती शुद्ध बोलायची, लोक मागून हसायचे. आता ती फक्त मालवणी बोलते. शुद्ध मराठी गेलं, आधी ते गेलं. मला बघून विचारते, "कोण गो तू? खंयसून इलंस?" आणि संध्याकाळ झाली की दारात उभी राहून, "बापूस इलो?" तिचे वडील जाऊन पन्नास वर्षं झाली असतील.

मी हा पिक्चर दोनदा बघितला. शेफाली शाह एखादा शब्द शोधताना जशी थांबते, चेहरा जरा हसरा ठेवून, म्हणजे समोरच्याला कळू नये, ते अगदी आईसारखं आहे, सुरुवातीच्या दिवसांतलं. त्यासाठी मी ८ देते. पण रायवळने कानाला ४ दिले ते वाचल्यावर मला कळलं की मला काय खटकत होतं. वेंगुर्ल्यात लहानपण गेलेली बाई विसरायला लागली, आणि म्हणून मुद्दाम परत वेंगुर्ल्यात आली, तर तिला आधी काय सापडेल? विहीर, शाळा, जुना मित्र, ते सगळं दाखवलंय त्यांनी आणि छान दाखवलंय. पण एखादा मालवणी शब्द अचानक तोंडातून यायला हवा होता तिच्या, स्वतःलाच दचकवणारा. एकच. बाकी सगळा पिक्चर हिंदीत असता तरी चाललं असतं.


कातळशिल्प

हे वाचून काय लिहावं कळत नाही. फक्त आईंना नमस्कार सांगा.


शास्त्रीकाठ

माझ्या आजोबांचं असंच. शेवटी ते मुंबईतल्या मिलचे पत्ते सांगायचे, पण संगमेश्वरी हेल काढून.


तुतारी_एक्स्प्रेस

ताई, आम्हाला पण घरात मालवणी बोलू दिलं नाही. परळच्या चाळीत वडील म्हणायचे लोक हसतील. आणि त्याच चाळीतले सगळे मच्छिंद्र कांबळींच्या वस्त्रहरणला रांग लावून जायचे, पाच हजाराच्या वर प्रयोग झाले त्याचे. तिथे पैसे देऊन ऐकायची आणि घरी बोलायची नाही. आता मी मुलीला शिकवायला बघतो तर मलाच धड येत नाही, ती टीव्हीवरच्या अण्णा नाईकांसारखं बोलून दाखवते आणि मला वाटतं बरोबर बोलतेय.


उकड्याची_पेज

पाठव तिका सुट्टीत. आठ दिवसात गाळी शिकवन, पुढचा आपसूक येतला.


घाटावरचा

एक प्रॅक्टिकल प्रश्न. पिक्चर काढणाऱ्याला देशभर विकायचं असतं, हिंदीत केला नाही तर पैसे कोण लावणार? कांतारा कन्नडमधून सगळीकडे गेला हे खरं, पण तसा एखादाच.


कातळशिल्प

कांतारात तर नुसती कन्नड नाही, तो तुळुनाडचा भूतकोला आहे, किनारपट्टीचा. आपल्या देवचाराचा चुलतभाऊच म्हण. लोकांनी डब केलेलं बघितलं, पण मूळ तिकडचं होतं म्हणून बघितलं. दशावतार चालला तो पण याच कारणाने असं मला वाटतं, मुंबईत लोक मालवणी ऐकायला गेले.


ओला_काजू

मुंबईत चाकरमानी एवढे आहेत की कोकणी बोलीतला पिक्चर आधी तिकडेच चालणार आणि मग आम्हाला मिळणार, तो पण आला तर.


रायवळ

काल रात्री उरलेला थ्री ऑफ अस बघितला. लाईट होती, मांजराला कोंडून ठेवलेलं.

पाळणा बघितला. त्यावर काही लिहीत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघा. पिक्चरचे ६ काढून ८ करतो. कानाचे ४ तसेच ठेवतो, @वेंगुर्लेकरीण, तुमच्यामुळे उलट जास्तच ठेवावेसे वाटतात. माझी आई बघत होती शेजारी बसून, तिला हिंदी फार कळत नाही, मध्येच म्हणाली, "ही बाय आमच्या सुमल्यासारखी दिसता." सुमल कोण विचारलं तर म्हणे शाळेत होती तिच्याबरोबर, लग्न होऊन वेंगुर्ल्याक गेली, मगे काय कळला नाय.

पिकासो डाउनलोड करून ठेवलाय. ते आजोबा दर बुधवारी बाजाराला येतात असं नातू म्हणाला होता, बघतो भेटतात का, मोबाईलवर दाखवीन चहाच्या टपरीवर.

आज सकाळपासून कडक ऊन आहे. कल्टार घालायला गडी आलेत, झाडांभोवती अळी खणून तयार आहेत. रात्री बोलू.


उकड्याची_पेज

अळी लांबसून मारलंस मा? खोडाक लागान नको. आणि बुधवारचा काय झाला ता हयसर लिही.